घरटी दोन भोपळे

आमच्या गावात प्रत्येक घराला नदीसाठी दोन भोपळे द्यावे लागत. खायचे नव्हेत, कडू. कमरेशी बारीक आणि खाली चांगले घागरीएवढे फुगलेले. श्रावणात गोठ्याच्या शाकारावर वेल चढायचा, थंडीत भोपळे पिकायचे आणि उन्हाळाभर तिथेच वाळत पडायचे. त्यांची साल लाकडासारखी टणक झाली की उतरवून चुलीवरच्या माळ्यावर धुरात टांगायचे. मिरगाच्या आधी ते बहिरोबाच्या देवळात नेऊन द्यायचे, कारण पाऊस सुरू झाला की नदीवर माणसांच्या जिवाची भिस्त या भोपळ्यांवर असे. आमची घरे अल्याड आणि भाताची खाचरे बहुतेक पल्याड. सकाळी उतारावरून गुडघाभर पाण्यातून बायामाणसे लावणीला जायची आणि दिवे लागायच्या आत परत यायची. पण आमची नदी राजमाचीच्या पायथ्यापासून, कोंडाण्याच्या लेण्यांच्या अंगाने खाली येते. वर घाटात ढग फुटला तर आमच्याकडे ऊन असले तरी पाणी यायचे, आणि आले म्हणजे एकदम यायचे. पल्याड गेलेली माणसे मग पल्याडच.

त्यासाठी गावात नऊ माणसे होती. त्यांना आम्ही सांगडवाले म्हणायचो. त्यांना कुणी नेमले नव्हते, त्याबद्दल कुणी पसाभर तांदूळही देत नसे. बापाच्या जागी मुलगा यायचा, एवढेच. आषाढ-श्रावणात त्यांच्यातला एक जण पाळीपाळीने काठच्या खडकावर इरले घेऊन बसलेला असे, पाण्याचा रंग बघत. वरच्या ठाकरवाडीवर ढोल वाजला की समजायचे, पाणी निघाले. मग एकाने छातीशी दोन भोपळे बांधायचे, दोराचे टोक दातांत धरायचे आणि पोहत पल्याड जायचे. दोर अंगाला बांधायचा नाही, कारण ओढीला लागलेला दोर माणसाला खाली खेचतो. पल्याडच्या जांभळीला दोर बांधला की खाली आठ भोपळे लावलेली बाज दोरावरून ओढत दोन-दोन माणसे आणायची. बाजेला आणि त्या भोपळ्यांना मिळून सांगड म्हणायचे. मी लहानपणापासून दोनचारदा तरी हे बघितले होते आणि त्यात भिण्यासारखे काही आहे असे मला तेव्हा वाटत नसे.

सांगडवाल्यांचा म्होरक्या राघोकाका. आवाज असा, की ते हळू बोलले तरी गोठ्यातल्या म्हशी माना वळवायच्या. भोपळे पारखायचे काम त्यांचे. देवळाच्या पायरीवर बसून एकेक भोपळा कानाशी धरून हलवायचे. अख्ख्या भोपळ्यात त्याच्याच बिया सुटून खुळखुळतात. खुळखुळला तर ठीक. मग टाक्यात दगडाखाली दाबून ठेवायचा आणि बुडबुडे येतात का बघायचे. दोरांचे काम धाकूदादाचे. पंचविशीचा, काळासावळा, बोलायला कमी. अंबाडीचा वाख भिजवून, ठेचून तो दोर वळायचा, आणि त्याने मारलेली गाठ त्याच्याशिवाय कुणाला सुटत नसे. पोरे मुद्दाम त्याच्याकडून गाठ मारून घ्यायची आणि दात लावून बसायची. त्याची बायको सोनावयनी आमच्या शेजारीच राहायची. माझी वेणी तीच घालायची, कारण माझ्या आईचा हात फार जड होता.

आमच्या घरात तिघेच. बा, आय आणि मी भागी. माझे लग्न आदल्या वैशाखात झाले होते, पण पाठवणी व्हायची होती, ती दिवाळीनंतर ठरली होती. नवरा खालापूरकडचा, शाळेत मास्तरकी करणार होता. (पुढे त्याच मास्तरांनी मला अक्षरे शिकवली. ते असते तर या पानावर त्यांनी दहा ठिकाणी लाल रेघा ओढल्या असत्या, आणि मी त्यांच्याशी भांडले असते. आता दोन्ही नाही.) पाठवणीपर्यंत मला शेतावर फारसे नेत नसत. जाताना पोर काळवंडलेली दिसू नये म्हणून. मी घर बघायची. पहाटे जात्याची घरघर, मग उखळात भात सडायचा आवाज, बाच्या खोकल्याचा आवाज. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, पावसात टाकळ्याची भाजी आणि वर तांदळाची पेज. पाऊस लागला की घरभर धूर आणि ओल्या घोंगडीचा वास. तो वास मला अजून कुठे आला तर मी क्षणभर तेरा वर्षांची होते, आणि ते मला मुळीच आवडत नाही.

आमच्या घरचे भोपळेही मीच बघायची. वेलाला पाणी घालायचे आणि शाकारावर पडलेल्या भोपळ्याची कूस अधूनमधून बदलायची, म्हणजे खालची बाजू कुजत नाही. त्या वर्षी मी बदलली नाही. आळस, दुसरे काही नाही. नवे लग्न झालेले, डोक्यात निराळेच वारे. भोपळे उतरवायला गेले तर दोनातला एक खालून मऊ लागला. अंगठा दाबला तो आत गेला. भोपळा न देणाऱ्या घराला दंड नव्हता. राघोकाका शिवीसुद्धा देत नसत. सगळ्यांसमोर त्या घराचे नाव घ्यायचे आणि जरा वेळ गप्प राहायचे, एवढेच करायचे. आदल्या वर्षी एका घराचे नाव असे घेतले तर त्या घरची बाई पुढे चार दिवस पाणवठ्यावर आली नव्हती. माझी तर पाठवणी व्हायची होती. सासरी ही गोष्ट पोचली असती, आणि बाच्या हाताचा मार पडला असता तो वेगळाच.

आमच्या माळ्यावर बियाणे ठेवायचा एक जुना भोपळा होता. धुराने काळा-तांबूस झालेला, दगडासारखा टणक. कमरेशी आडवा कापून वरचा भाग टोपण म्हणून वापरायचा, खाली दोडक्या-काकडीचे बी. मी ते बी मडक्यात ओतले. कुजलेल्या भोपळ्याच्या बिया काढून चुलीच्या उबेला वाळवल्या आणि मूठभर आत टाकल्या. बाने इळ्याची मूठ बसवायला आणलेली राळ होती. खापरीत राळ आणि मेण वितळवून टोपण जिथल्या तिथे बसवले. सांध्यावर काजळी चोळली, वर तेलाचा हात फिरवला. मग गुरांच्या डोणीत दगडाखाली सकाळपासून सांजेपर्यंत बुडवून ठेवला. एक बुडबुडा आला नाही. मला स्वतःचे कौतुकच वाटले. खरे सांगते, त्या दिवशी मी गाणे म्हणत भाकऱ्या थापल्या. आयला म्हटले, दोन्ही भोपळे तयार आहेत. तिने मान वर करूनसुद्धा बघितले नाही.

देवळात राघोकाकांनी माझा भोपळा कानाशी धरला, हलवला आणि हसले.

“हा बघा भोपला! असा जुना, पिकल्याला पायजे. कुनाचा हाय?”

“माझा,” मी म्हटले.

“भागे, सासरी गेलीस तरी भोपलं तूच पाठवत जा गं. हा माझ्याकडं ऱ्हाऊ दे, धाकू. मी पान्यात जाईन तवा हाच बांध.”

धाकूदादाने मान हलवली आणि तो भोपळा वेगळा टांगला. भोपळ्याला दोर बांधतात तो कमरेशी, म्हणजे बरोब्बर माझ्या सांध्यावर. दोराखाली सांधा झाकला जाणार हे मी आधीच धरून चालले होते. त्याच सांध्यावर सगळा भार येणार, हे माझ्या डोक्यात आले नाही.

लावणी अर्धी झाली होती त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी बा कर्जतच्या बाजाराला गेला होता. आय इतर बायांबरोबर पल्याड. आमच्याकडे पावसाची नुसती भुरभुर होती आणि मी अंगणात भात पाखडत होते. न्याहारीची वेळ टळली असेल, तोच वरून ढोल ऐकू आला. थांबून थांबून नाही, एकसारखा. मी सूप टाकून धावले. नदी डोळ्यांसमोर चढत होती. आधी पिवळट, मग चहाच्या रंगाची, मग अख्खी झाडे घेऊन आलेली. पल्याडच्या खाचरांत पाणी घुसले होते आणि बाया मधल्या टेकाडावर गोळा झाल्या होत्या. त्यांची इरली एकमेकींना चिकटलेली दिसत होती. त्यातली आय कोणती ते ओळखू येत नव्हते. टेकाडाच्या मागेही पाणी वळले होते, त्यामुळे डोंगराकडे पळायची वाट उरली नव्हती.

राघोकाका अंगरखा काढून उभे होते. धाकूदादा त्यांच्या छातीशी भोपळे बांधत होता. डाव्या बाजूला कुणाचा तरी पिवळा, उजव्या बाजूला माझा काळा. गुडघा लावून त्याने फास आवळला. मी हाताच्या अंतरावर होते. त्याच्या दंडाच्या शिरा तटतटलेल्या मी बघितल्या. हे मला नीट लिहायचे आहे, कारण पुढे याच गोष्टीवर मी खोटे बोलले. त्याने फास आवळला, ओढून बघितला आणि पुन्हा आवळला.

त्या वेळी मी तोंड उघडले असते तर दुसरा भोपळा बांधायला चिलीम भरण्याइतका वेळ लागला असता. शेजारी डझनभर भोपळे पडले होते. मी नाही बोलले. मनात म्हटले, डोणीत दिवसभर टिकला होता, इथे एवढ्याशा वेळाला काय होते. मनात म्हटले, आय पल्याड आहे, उशीर नको. आणि या दोन्हींच्या खाली खरे कारण होते ते लाजेचे. सगळ्या गावासमोर मला चोर व्हायचे नव्हते. आई पाण्यात अडकलेली आणि पोरगी आपली अब्रू सांभाळत उभी. चाळीस वर्षे मी या उभ्या असलेल्या पोरीला शिव्या देत आले आहे, तिला काही फरक पडत नाही.

राघोकाका वरच्या अंगाला जाऊन पाण्यात शिरले आणि तिरके पोहू लागले. दोर हातातून सुटत होता, माणसे तो सोडत होती. निम्म्याहून पुढे गेले असतील. एकाएकी ते उजव्या कुशीवर कलंडले. काळे काहीतरी त्यांच्या काखेखालून उसळून वर आले, गरगरले आणि प्रवाहाबरोबर चालते झाले. त्यांनी एक हात वर केला. डाव्या भोपळ्याने ते तरंगलेही असते, पण कलंडलेल्या माणसाला झाड चुकवता येत नाही. मुळांसकट आलेला एक उंबर त्यांच्या अंगावरून गेला. पुढच्या वळणावर उंबर दिसला, राघोकाका दिसले नाहीत. माणसांनी दोर ओढून घेतला. टोक रिकामेच आले.

धाकूदादा खाली बसला, स्वतःच्या छातीशी दोन भोपळे बांधले, दोर दातांत धरला आणि आणखी वरच्या अंगाला जाऊन पाण्यात शिरला. तो पोचला. जांभळीला दोर बांधून मागे वळून त्याने हात केला तेव्हा मी चिखलातच बसले. मग बाज गेली-आली, गेली-आली. तिसऱ्या खेपेला आय आली. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. शेवटची बाई आणि तिच्या मागून धाकूदादा येईपर्यंत टेकाड दिसेनासे झाले होते. पल्याडची एकही बाई गेली नाही. गेले ते एकटे राघोकाका.

ते दुसऱ्या दिवशी खाली मेस-बांबूच्या बेटात अडकलेले सापडले. डाव्या काखेत पिवळा भोपळा तसाच होता. उजव्या बाजूला फास होता, गाठीसकट, आणि फासात भोपळा नव्हता. ज्याने बघितले त्याला एकच दिसले. दोर तुटलेला नाही, गाठ सुटलेली नाही आणि भोपळा निसटला, म्हणजे फास ढिला बांधला. टोपण तुटून फास त्यावरून निघून गेला हे कुणाच्या ध्यानात येणार? भोपळा कडेला लागला असता तर कळले असते. तो नदीने नेला.

त्या दुपारी गोठ्यात मी आयला सगळे सांगितले. ती शेण गोळा करत होती. ऐकून तिने शेणाचाच हात माझ्या तोंडावर दाबला.

“परत बोलशील तर याद राख. दिवालीला पाठवनी हाय तुझी. मानूस मारला म्हंतील. कोन नांदवंल तुला?”

“पन धाकूदादा...”

“धाकू बाप्या हाय. सोसंल.”

आदल्या दिवशी त्याच धाकूने तिला पाण्यातून काढले होते. हे ती विसरली नव्हती. मला सोडून ती गव्हाणीशी तोंड करून उभी राहिली आणि हुंदके देऊन रडली. मग तोंड पुसून तिने पाटी उचलली. आयचा मला राग येतो का, असे हे सगळे कळल्यावर माझ्या सुनेने एकदा विचारले. येतो. पण तिच्या जागी मी असते तर काय केले असते, तेही मला ठाऊक आहे.

तेराव्यापर्यंत गावाने कशाचाच विचार केला नाही, कारण हात रिकामे नव्हते. लावलेले भात गाळाखाली गेले होते. ज्यांची रोपे उरली होती त्यांनी प्रत्येक घराला जुड्या दिल्या. ज्यांच्याकडे बियाणे होते त्यांनी मोड आणून पुन्हा पेरले. विहिरीतला गाळ बायांनी साखळी करून उपसला. फुटलेले बांध सगळ्यांनी मिळून घातले, आज याचे, उद्या त्याचे. राघोकाकांचे खाचर सर्वांत आधी लावून दिले. धाकूदादा रोज सगळ्यांच्या आधी यायचा आणि सगळ्यांच्या नंतर जायचा. पण तो दगड उचलायला वाकला की दुसरे टोक धरायला कुणी पुढे होत नसे. भाकरी खाताना तो जिथे बसायचा तिथून माणसे हळूच जरा पलीकडे सरकायची. त्याला तोंडावर कुणी काही बोलले नाही. कुणीतरी वाईट शब्द बोलले असते तर बरे झाले असते, त्याला उलट बोलता तरी आले असते.

तेरावा झाल्यावर सकाळीच देवळात गावकी बसली. बाया मागे उभ्या होत्या. आयने माझे मनगट धरले होते, इतके घट्ट की बांगडी रुतली. गावचे म्हातारे पाटील बोलले. आवाजात राग नव्हता.

“धाकू, फास कोनी बांधला?”

“मीच.”

“आवलला हुतास?”

“हुता.”

“मंग?”

धाकूदादाने आपल्या हातांकडे बघितले. मग म्हणाला, “आवलला हुता असं वाटतंय.”

तिथे त्याचे संपले. वाटतंय म्हणाला. स्वतःच्या हाताबद्दल त्या माणसाच्या मनात पहिली शंका आली ती तिथे, माझ्या डोळ्यांदेखत. पाटील म्हणाले, “दोर खाली ठेव.” त्याने खांद्यावरचा दोर काढला, नीट वेटोळे केले, देवाच्या पायरीवर ठेवले आणि उठून गेला. त्याच्या बापाने आणि आज्याने ते काम केले होते.

दोन दिवसांनी सोनावयनी आमच्याकडे आली. आय घरात नव्हती. मला पुढ्यात बसवून तिने नेहमीप्रमाणे केसांत फणी घातली. थोड्या वेळाने फणी थांबली.

“भागे, तू काठाव हुतीस ना? एकदम जवल हुतीस. त्यानं फास आवलला का नाय, तू बघितलंस?”

“नाय बघितलं,” मी म्हटले.

“खरं सांग गं. मला सांग नुसतं. मी कुनाला बोलत नाय.”

“मी आयकडं बघत हुते वयनी. पल्याड.”

तिने वेणी पुरी घातली, गाठ मारली आणि गेली. ती खरे मागायला आली होती, गावाला सांगायला नव्हे, घरात एकमेकांच्या तोंडाकडे बघता यावे म्हणून. तिला ते माझ्याकडून एका शब्दात मिळाले असते. राघोकाकांच्या वेळी मी घाबरून गप्प बसले, असे म्हणता येईल. इथे मी गप्प बसले नाही, खोटे बोलले, आणि मान न वळवता बोलले.

भात कापणीला यायच्या आत धाकूदादा आणि सोनावयनी गाव सोडून निघाले. डोक्यावर बाज, पाठीवर मूल, पुढे एक शेळी. पळसदरीच्या अंगाने खोपोलीकडे गेले. आयने वाटेत गाठून भाकऱ्यांचे गाठोडे द्यायला पाहिले, तर सोनावयनीने ते घेतले नाही. सांगडवाल्यांना दोर वळणारा दुसरा मिळाला, पण त्याचे दोर पाण्यात फुगायचे. दोन पावसाळ्यांनी सांगड मोडली. पुढे पाणी आले तेव्हा पल्याडची तीन माणसे गेली. ती माणसेही मी माझ्याच माथी धरते. मास्तरांना मी पुढे सारे सांगितले होते; ते म्हणायचे, हा तुझा अहंकार आहे. असेल.

माझी पाठवणी ठरल्याप्रमाणे झाली. खालापुरात मी नांदले, चार मुले झाली, त्यातली दोन जगली. धाकूदादा साजगावात आहे हे मला संसार सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत कळले होते. बैलगाडीने दोन तासांची वाट. मी गेले नाही. आधी सासूची भीती, मग पोरे लहान, मग आय जिवंत आहे तोवर नको. कारणे नेहमी मिळत गेली. आय गेली, मास्तर गेले आणि मग एकही कारण उरले नाही. तेव्हा मुलाला म्हटले, गाडी जुंप. जेवून निघालो ते दुपारी पोचलो.

धाकूदादा पडवीत बाजेवर बसला होता. केस पांढरे, खांदे पडलेले, तरी मी लगेच ओळखले. त्याने मला ओळखले नाही. मी नाव सांगितले, गाव सांगितले. तो नुसता “बस” म्हणाला. शेळी दावे तोडून अंगणात फिरत होती. त्याने आत हाक मारली, “सुने, शेली बांध गं.” सून हात पुसत आली आणि शेळी बांधून गेली. दावे त्याच्या हाताशीच पडले होते.

“मी गाठ मारत नाय,” मी बघते आहे असे दिसल्यावर तो म्हणाला. “गाव सोडल्यापास्नं.”

मग मी सांगितले. कुजलेल्या भोपळ्यापासून सगळे. राळ, मेण, काजळी. त्याने गुडघा लावून फास दोनदा आवळला होता, हे सांगितले. मी ते हाताच्या अंतरावरून बघितले होते, हेही सांगितले. माझे बोलून संपल्यावर तो म्हणाला,

“म्हंजे फास ढिला नव्हता?”

“नव्हता.”

“परत सांग.”

“नव्हता दादा. टोपण तुटलं. फास आवळलेलाच होता.”

त्याने सुनेला बाहेर बोलावले. “हिच्याम्होरं सांग.” मी सांगितले. शेतावरून मुलगा आला. जाताना आईच्या पाठीवर होता तोच, आता चाळिशीचा. “त्याला सांग.” मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. शेजारचा एक म्हातारा काठी टेकत चालला होता, त्यालाही हाक मारून बसवले आणि म्हणाला, “हां, आता याला.” माझा मुलगा गाडीशी उभा राहून ऐकत होता. त्याला यातले काही माहीत नव्हते. तो खाली बघत राहिला. चौथ्यांदा सांगताना माझा घसा बसला, तेव्हा सुनेने पाण्याचा तांब्या पुढे केला, पण माझ्याकडे बघितले नाही.

“सोनावयनी?” मी शेवटी विचारले.

“ती जाऊन दोन पावसाले झाले,” तो म्हणाला. “लई वरसं तिनं मला इचारलं नाय. मरायच्या टायमाला मीच म्हनलो, माझ्याकडनंच चुकलं आसंल गं, सोने. ती म्हनली, आसू दे आता.”

मला तिथे रडायचा हक्क नव्हता, तरी रडू आले. पदराने तोंड झाकून बसले. उन्हे कलली तेव्हा मुलाने बैल जुंपले आणि मी उठले. निघताना करायचे ते करावे म्हणून मी धाकूदादाच्या पायांशी वाकले. त्याने पाय मागे घेतले. दोन्ही पाय उचलून बाजेवर घेतले आणि धोतर ओढून झाकले.

“सांगितलंस ते बरं केलंस,” तो म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. “पन पाया पडू नको.”

मी वाकले होते तशी सरळ झाले आणि गाडीत जाऊन बसले.